गावातलं एकच मशीन

३ ऑगस्ट
उठल्याबरोबर बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. ८७. ऑक्सिजनचं मशीन लावून अर्धा तास पडले, मग ९२. रेखाने चहा आणून ठेवला, पाणचट. सून वेळेची पक्की आहे, चवीची नाही.
उपकेंद्राला नवीन पिवळा रंग दिलाय. पाटीवर आता आरोग्य मंदिर. त्याच दोन खोल्यांत मी एकतीस वर्षं नर्स होते. आज श्वासाचा पंप आणायला गेले तर पाच पायऱ्यांत तीनदा थांबले. ओट्यावर बसलेले म्हातारे बघत होते. यांना मी ‘दम्याचं खोकड’ म्हणायची, तोंडावर. आता खोकड मी.

७ ऑगस्ट
आरोग्य मंदिरातली नवीन सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, घरी आली. लातूरकडची, सव्वीस-सत्तावीसची, हातात टॅब.
‘‘आजी, तुमचा आभा नंबर सांगा.’’
‘‘आजी कुणाला म्हणतेस? मी निवृत्त सिस्टर आहे.’’
मग ती मला मॅडम म्हणायला लागली. आभाच्या आरोग्य कार्डासाठी चेहरा टॅबमध्ये धरला तर जुळेना. कार्डावरच्या फोटोत गाल आहेत, आता नाहीत. चौथ्यांदा जुळला.
मशीनचं विचारत होती. करोनात आमच्या प्रा. आ. केंद्राला सहा आली होती. पाच बिघडून पडली, सहावं चालू होतं ते निवृत्तीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, राहू द्या सिस्टर तुमच्याकडे. कागद काही नाही. आता प्रत्येक मशीन ऑनलाइन चढवायचंय, पेशंटच्या नावावर. पथक येऊन तपासणार. बसल्या जागी, मशीनशिवाय, ८८ किंवा खाली आलं तर मशीन राहणार. वर आलं तर दुसऱ्या गरजूला.
म्हटलं, येऊ दे की पथक. मी जन्मभर पथकंच बघितली.

१९ ऑगस्ट
उद्या पथक. रेखाकडून अंगण झाडून, ओटा धुऊन घेतला. पडदे बदलले. फाईल लावली: जुने एक्स-रे, फुंकण्याच्या तपासणीचा अंबाजोगाईचा कागद, पंपाच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनं. पांढरी साडी इस्त्री करून घेतली. रेखा म्हणते, ‘‘आत्या, तुमाला बगायला येनार हायेत का घराला?’’ तिला काय कळतंय. माझ्या उपकेंद्रावर शेरा कधी पडला नाही. पथक येणार म्हटलं की आदल्या दिवशी फिनेल, वजनकाटा पुसलेला, रजिस्टरं पूर्ण. न केलेलंही पूर्ण.

२० ऑगस्ट
नळी लावून पडूनच आहे. तरी लिहिते.
सकाळी सहापासून मशीनवर होते. आठला वाफ घेतली. नऊला पंपाचे दोन दाब. साडी नेसले, केस बांधले, खुर्चीत ताठ बसले. जीप वळणावर आल्याचं ऐकलं तशी नळी काढली, नीट गुंडाळून खुंटीला अडकवली. ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहिले, दुसऱ्यांना शिकवायची तसा.
डॉक्टर तरुण, घाईतला. बसता बसता यंत्र लावलं. ९४.
‘‘वा सिस्टर. तब्येत छान ठेवलीत!’’
मी म्हटलं, ‘‘शिस्त आहे, डॉक्टर.’’ आणि हसले. खरंच हसले.
सीएचओ हळूच म्हणाली, ‘‘सर, मशीन काढून अर्धा तास थांबायला पाहिजे.’’ त्यांनी घड्याळ बघितलं. अजून चार गावं होती. ‘‘सिस्टर स्वतः नर्स आहेत. काय सिस्टर, काही त्रास?’’
‘‘काही नाही.’’
तोंडातून निघून गेलं. एकतीस वर्षं हेच दोन शब्द बोलत आले. साहेब, काही अडचण? काही नाही. औषधसाठा? आहे. मृत्यू? निरंक.
जीप गेली आणि मी पलंगावर कोसळले. ८२. रेखा नळी लावता लावता ओरडत होती, ‘‘येड लागलं का तुमाला? मरायलेत आन् ठणठणीत म्हनून सांगायलेत!’’
दुसरी सून असती तर हिच्या थोबाडीत मारली असती. पण हीच एक आहे, आणि बरोबर बोलत होती.

२६ ऑगस्ट
मशीन नेलं. सीएचओने स्कूटीला दोरीने बांधलं. मी ओट्यावर उभी राहून दोरी नीट बांधायला लावली, पडलं तर फुटेल म्हणून. कसली ही सवय.
वरच्या वस्तीवरच्या तुळसाबाईला दिलं. भगवानची बायको. ऊसतोडीला जाणारी. तिचं ८३ आलं. तिला इस्त्रीची साडी नाही, म्हणून ८३.
जाताना सीएचओ टॅब बघत म्हणाली, ‘‘मॅडम, तुळसाबाईंचा खोकला वीसेक वर्षांचा आहे म्हणतात. पण घरोघरच्या सर्व्हेत चार वेळा ‘खोकला नाही’ असं आहे. सर्व्हे तुमच्याकडे होता ना?’’
म्हटलं, ‘‘तेव्हा नसेल.’’
तिने दोरी पुन्हा एकदा ताणून बघितली. मला तिचाच राग आला.

३० ऑगस्ट
८५. पडून आहे. लिहायचं म्हणून लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.
सर्व्हे दिवाळीनंतर असायचा. तेव्हा वरची वस्ती ऊसतोडीला, साखर कारखान्यावर. सतरा घरं, सतरा कुलपं. मी वर चढायचीच नाही. मारुतीच्या पारावर बसून सतरा घरांची माहिती भरायची. ताप नाही, खोकला नाही, वजन घट नाही. परत आल्यावर पुन्हा जायचं असतं. एकदाही गेले नाही. तुळसाची चारही बाळंतपणं मी केली, तेव्हा तिचा खोकला ऐकला होता, बाजेवर. धुरीमुळे असेल म्हटलं.

४ सप्टेंबर
संडासपर्यंत अठरा पावलं. रेखाने मधे प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे, विसाव्याला. मुलाला फोन केला. संभाजीनगरला कंपनीत सुट्टी नाही म्हणाला. मग म्हणाला, ‘‘आई, तू खरं कावून न्हाई सांगितलंस त्यांना?’’ फोन ठेवून दिला.

९ सप्टेंबर
रिक्षाने आरोग्य मंदिरात. सीएचओने या वेळी अर्धा तास बसवलं, मग लावलं. ८६. चोख नापास. व्हिडिओवरच्या डॉक्टरला दाखवलं. त्याला माझी छाती ऐकू येत नव्हती, मला तो. पंप चालू ठेवा, घरी ऑक्सिजन लागेल म्हणाला. मीही तेच म्हणते आहे बाबा.
‘‘नाव टाकलंय मॅडम. पण मशीन एकच चालू आहे. दुसरं मागितलंय. तोवर तुम्ही वेटिंगवर.’’
वेटिंगवर एक नंबरला मी. पुढे कोण, तर तुळसा. म्हणजे ती कधी जाते याची वाट बघायची. हे मी मोठ्याने बोलले नाही. सीएचओलाही तेच सुचलं असावं, तिने टॅब बंद केला.

१३ सप्टेंबर
भगवान मोटारसायकल घेऊन दारात. ‘‘बाई, तिनं बोलावलंय. चला म्हनती, काय बी इचारू नका.’’
माझं अंग काडीसारखं हलकं झालंय, त्याने उचलूनच मागे बसवलं.
तुळसा बाजेवर, नाकात नळी. मशीन देव्हाऱ्याशेजारी. वर टॉवेल पांघरलाय, धूळ नको म्हणून. हवा घ्यायची जाळीच झाकून टाकली होती. मी आधी तो टॉवेल ओढला आणि दोघांना झापलं. मग बसले.
ती म्हणाली, ‘‘बाई, रोज सकाळचं तुमी इथं येत जा. दोन-तीन घंटे तुमी लावा. तवर मी बसते नुसती. मला सवय हाय बिगर हवेची.’’
‘‘तुला कुणी सांगितलं माझं?’’
‘‘सगळ्या गावाला ठाव हाय की, तुमचं मशीन माज्याकडं आलंय.’’
तुमचं मशीन, म्हणाली.
नळी माझी स्वतःची नेणार आहे. तिची लावणार नाही.

१४ ते २९ सप्टेंबर
रोज नऊ ते बारा. पहिले दोन दिवस लाज वाटली, तिसऱ्या दिवसापासून भगवानला उशीर झाला की राग येतो.
मी नळी लावून बाजेवर, ती खाली भुईवर ज्वारी निवडत. तिचा श्वास ऐकू येतो. मी पेपर वाचते.
एकदा तिचे ओठ निळसर दिसले. घड्याळात साडेअकरा. माझा अजून अर्धा तास होता. मी अर्धा तास पूर्ण केला.
ती मध्येच जुनं काढते. थोरलीच्या वेळी तुमी रातभर जागल्या, तुमी नसता तर मी गेलेच असते. मी नुसती हं हं करते. तिला वाटतं मी पुण्यवान बाई. मला ती नकोशी झाली आहे. एवढी चांगली वागते की तिच्याकडे बघवत नाही.
रेखा म्हणते, ‘‘लोकं काय म्हनतेत आत्या? सिस्टरबाई तुळसाच्या दारात हवा मागाय जाती.’’ म्हटलं, तू तुझा चहा नीट कर.

११ ऑक्टोबर
दसरा झाला. वस्तीत मुकादमाच्या फेऱ्या. कोण किती जोड्या, ठरतंय. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. भगवान एकटा कुणाला नको. पोरी चारही सासरी दिल्या, घरात दुसरं कुणी नाही. गेल्या हंगामात तुळसा शेवटचा महिना कोपीत, फडावरच्या पाचटाच्या खोपटात, पडूनच होती, तो एकटा तोडायचा आणि शिव्या खायचा.
सीएचओ येऊन बजावून गेली, ‘‘तुळसाबाई, अजिबात जायचं नाही. कोपीत लाईट नाही, मशीन चालणार नाही. उसाचं पाचट जाळतात तो धूर. तुम्हाला झेपणार नाही.’’ चार कागद दिले, चित्रांचे.
मी नळी लावून ऐकत होते. बरोबर बोलत होती पोरगी. शब्दन् शब्द बरोबर.

१६ ऑक्टोबर
ती गेली तर मशीन परत केंद्रात जाईल. केंद्रातून वेटिंगवरच्या एक नंबरला.
दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. देवाची पोथी उघडली, तीच ओळ चारदा वाचली.

२५ ऑक्टोबर
दिवाळी उरकली. चकल्या तिने पाठवल्या. तळल्या कशा असतील कोण जाणे.
आज नळी लावून बसले होते. भगवान बाहेर होता. तुळसा जवळ सरकली.
‘‘बाई, एक इचारू? ती मॅडम म्हनती जाऊ नको. ती लेकराएवढी, तिला काय कळतंय. हे म्हनतेत तू न्हाई म्हन, मी बी ऱ्हातो, बगू काय व्हईल ते. तुमी सांगा. तुमी जा म्हनलात तर जाते, न्हाई म्हनलात तर न्हाई.’’
नाकात तिच्या मशीनची हवा. एक शब्द ‘नको’ म्हणायचा होता.
मी म्हटलं, ‘‘जाऊन ये.’’
ती बघत राहिली.
‘‘तिकडं रान मोकळं असतं, हवा चांगली. इथं कोंडून पडण्यापेक्षा बरं. मोळ्या उचलायच्या नाहीत, बसून बांधायच्या. पंप सकाळ-संध्याकाळ दोन दाब. दम लागला की बसायचं. मी एकतीस वर्षं पेशंट बघितलेत.’’
‘‘व्हय?’’
‘‘व्हय.’’
तिने माझे पाय धरले. डोकं टेकवलं तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली, माझ्या पायावरच खोकली. मी पाठ थोपटली. हाताला तिच्या बरगड्या लागल्या.
घरी आल्यावर मला बरं वाटत होतं. दुसरं काही लिहिणं खोटं होईल.

२९ ऑक्टोबर
गेले. ट्रॅक्टर आमच्या गल्लीवरून गेला. वर भांडी, गोधड्या, शेळी, माणसं. तुळसा पुढे बसवली होती, वाऱ्याकडे पाठ करून. मला बघून हात जोडले. मी हात वर केला, बाळंतिणीला निरोप देतात तसा.
सीएचओ दुपारी आली. अर्धा तास बसवून तपासलं. ८५. साधी साडी, केस विस्कटलेले. आता मला परीक्षा कशी द्यायची कळलंय.
‘‘त्यांना जायला कोणी सांगितलं असेल मॅडम? मी किती समजावलं होतं.’’
‘‘ही माणसं कुणाचं ऐकतात का?’’
तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

१ नोव्हेंबर
मशीन आलं. या वेळी कागदावर, माझ्या नावाने. सही केली. ९३ पर्यंत चढले. दोन भाकरी खाल्ल्या. अठरा पावलं न थांबता.

८ नोव्हेंबर
तब्येत सुधारली. ओट्यावर बसले तासभर. रेखाच्या चहात साखर जास्त होती, ओरडले तिच्यावर. बरीच वर्षं आवाज इतका चढला नव्हता.

१५ नोव्हेंबर
तुळसाचा फोन. भगवानच्या नवीन नंबरवरून. एका वाक्याला तीनदा थांबते.
‘‘बाई... नखं निळी दिसायलीत... मोळी बांधाय बी... हात चालंना. पंप घेतला. काय करू?’’
‘‘अजून दोन दाब घे. ऊन लागतंय तिथं बस. होतं सुरुवातीला.’’
‘‘बरं. तुमी हायेत म्हनून... धीर हाय.’’
सुरुवातीला होतं, म्हणाले मी. अठरा हंगाम केलेल्या बाईला.

२१ नोव्हेंबर
पुन्हा फोन. रेखाने उचलला. मी खुणेने नाही म्हटलं. रेखाने माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, ‘‘आत्या झोपल्यात.’’
फोन ठेवून भाकरी थापायला गेली. थापताना मोठ्याने आपटत होती. तिलाही अठरा पावलांमधली खुर्ची उचलून ठेवायला मिळालीय. तिलाही मी अंथरुणात नको आहे.

२६ नोव्हेंबर
सीएचओ येऊन गेली. आता बाहेरगावी गेलेल्या पेशंटची नावं तिकडच्या केंद्राला पाठवता येतात. तिकडची मॅडम उसाच्या फडावर जाऊन बघेल, गाडी पाठवेल. ‘‘फक्त चालू नंबर पाहिजे. माझ्याकडचा भगवानचा नंबर बंद लागतो. तुमच्याकडे आहे का?’’
नवीन नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे, दोनदा आलेला.
‘‘शोधून ठेवते.’’
‘‘परवा अकराला येते मॅडम. आणि त्या परत आल्या तर...’’ तिने मशीनकडे बघितलं. ‘‘तेव्हा बघू. दुसरं अजून मंजूर नाही.’’
तिला प्रामाणिक असायची काय गरज होती. खोटं बोलली असती की दोन्ही मिळतील, तर मी तिथल्या तिथे नंबर दिला असता. दिला असता असं वाटतं.

२७ नोव्हेंबर
नंबर कागदावर लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. मला मरायची भीती वाटते. लोकांना मरताना बघितलंय, दम लागून मरणं सगळ्यांत वाईट. बाकी सगळं मी सोसेन, ते नको. आणि तेच तिला मी दिलंय, पाठ थोपटून.

२८ नोव्हेंबर
सकाळचे साडेदहा. ९२. सीएचओ अकराला येणार. कागद उशीखाली.
आत्ता फोन वाजला. उचलला. पलीकडे काही आहे, वारा आहे, कुणी तरी बोलतंय. तुळसा की भगवान, समजत नाही. मशीनची घरघर एवढी की पलीकडचं काहीच कळत नाही. नीट ऐकायचं तर ते बंद करायला हवं. ‘‘मोठ्यानं बोल’’ म्हटलं, दोनदा. फोन तुटला.
रेखा दारात उभी आहे. बघतेय नुसती.
परत वाजतोय. तोच नंबर. मशीनचं बटण माझ्या उजव्या हाताला, फोन डाव्या—